आतून आलेलं उत्तर

मी रफूचं काम करते, आणि आतून होकार आल्याशिवाय कुठलाही निर्णय घेत नाही. डोळे मिटून थांबते, मग उत्तर येतं. गेली तीस वर्षं बहुतेक ‘नको’च आलं. परगावची नोकरी नको, बहिणीकडे राहायला जाणं नको. घरात ताट एकच राहिलं.

आज दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. समोरच्या चष्मेवाल्याने तिच्यामार्फत मला लग्नाचं विचारलं होतं. त्याने एकाच कोटाची तीच बाही तिसऱ्यांदा फाडून आणली, तेव्हाच मला शंका आली होती.

“माणूस चांगला आहे, ताई. या वेळी तरी हो म्हण.”

“थांब, आतून काय येतंय बघते.”

त्याचा कोट मांडीवर घेऊन मी डोळे मिटले. मला हो म्हणायचं होतं. नेहमीसारखंच हळू, मायेने उत्तर आलं. नको.

मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, “ताई, ‘नको’ कोण म्हणालं गं?”

“कोण म्हणणार? मी एकटीच तर असते.”

मग माझ्या पाठीमागून, आतल्या खोलीतून, तितक्याच मायेने आवाज आला, “ठेव आता फोन.”