उसनी पेटी

राजधानी अबुजाहून आलेली तपासणी समिती पॉलिटेक्निकच्या आवारात जोलोफ भातावर ताव मारत होती. जेवण उरकलं, की प्रयोगशाळा बघून पदविकेच्या नव्या अभ्यासक्रमाला मान्यता द्यायची का, ते ठरणार होतं. विषय होता इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करण्याचा. विभागप्रमुख अनिएकन सरांकडे यंत्रंच नव्हती. म्हणून शेजारच्या सरकारी इस्पितळातली नवजात बाळांना ऊब देणारी काचेची पेटी त्यांनी दिवसभरासाठी मागून आणली होती. समिती यायची म्हटलं की अशी उसनवारी चालायचीच.

तेवढ्यात इस्पितळातून मेट्रन इटोरोंचा फोन आला. "सर, पेटी लगेच पाठवा. सातव्या महिन्यातच बाळंत झालीय एक बाई."

"हात जोडतो, मेट्रन. पाहुणे जेवून उठताहेत. त्यांचं बघून झालं की मी स्वतः घेऊन येतो. तोवर बाळाला नीट गुंडाळून ठेवा ना."

"गुंडाळलंयच, सर. लवकर या."

पाहुणे आरामात आले. अध्यक्षबाईंनी विचारलं, "चालते ना ही?" सरांनी बटण दाबलं. थोड्या वेळानं बाईंनी रिकाम्या पेटीत हात घातला आणि हसून म्हणाल्या, "छान ऊब धरलीय." मान्यता मिळाली. पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं. त्यांच्यातून कसेबसे सुटून सरांनी पेटी गाडीत चढवली आणि हॉर्न वाजवत इस्पितळ गाठलं.

मेट्रन दारातच उभ्या होत्या.

"उतरव, उतरव लवकर!" सर ड्रायव्हरवर ओरडले.

"सावकाश, सर," मेट्रन म्हणाल्या. "काच आहे ती. आता घाई नाही."