कोपऱ्यातली ओळ

माझे बाबा शाईनं डोंगर काढतात. चित्र झालं की ते कुणाच्या धाटणीत काढलंय, हे कोपऱ्यात लिहायचं, अशी चीनमधल्या आमच्या सूचौ शहरातल्या चित्रकारांची रीत. आणि बाबांच्या लेखी, ज्यांचं नाव तिथं लिहावं असे सगळे चित्रकार तीनशे वर्षांपूर्वीच गेलेले. मी तसलेच डोंगर फोटोच्या कागदावर उमटवते. कागद रसायनांत बुचकळून धुवावे लागतात, म्हणून त्याला ते 'धुणीभांडी' म्हणतात.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते पहिल्यांदाच माझ्या अंधाऱ्या खोलीत आले. लाल दिव्याखाली माझा शेवटचा कागद होता. डोंगराचा कडा त्यात उतरला होता, पण चित्र उमटवणाऱ्या रसायनात बुडवेपर्यंत दिसणार नव्हता.

"लानयू, कोराच आहे की हा! थांब, पाणी कसं पडतं ते दाखवतो." त्यांनी खिशातला कुंचला काढून समोरच्या वाडग्यातल्या पाण्यासारख्या द्रवात बुडवला आणि कागदावर वरपासून खालपर्यंत ओढला.

"बाबा, ते पाणी नाही, ते नका लावू! ते लागलं की तिथं काही उमटत नाही!"

त्यांचा हात थांबला. "काहीच नाही?"

"कध्धीच नाही! वाट लावलीत माझ्या कागदाची!"

त्यांनी कुंचला पुन्हा त्याच वाडग्यात बुडवला. मग कोपऱ्यात बारीकसं काहीतरी लिहून, कुंचला ठेवून निघून गेले.

रागाच्या भरात मी कागद रसायनात ढकलला. काळाकभिन्न कडा वर आला. जिथं काही उमटणार नव्हतं, तिथं पांढराशुभ्र धबधबा कोसळत होता. आणि कोपऱ्यात पांढरी अक्षरं होती: "लानयूच्या धाटणीत."