धक्क्याची जीप

बाबांची जुनी जीप धक्क्याशिवाय सुरू व्हायची नाही. रोज सकाळी शेजारचे तिघे, म्हणजे मास्तर, शिंपीकाका आणि कंपाउंडर, ती ढकलायला यायचे आणि मग आमच्याकडे चहा घ्यायचे. बाबा गेले, आई जीप चालवू लागली, तरी तिघांनी एक दिवस खाडा केला नाही.

आईने रोज कुणाची मिनतवारी का करायची, म्हणून मी जीपचं सगळं वायरिंग बदलून घेतलं. आता किल्ली फिरवली की इंजिन सुरू. आठवडाभर आईने एकटीनेच चहा घेतला.

आठव्या दिवशी जीप पुन्हा अडून बसली. तिघे बाह्या सरसावून हजर!

"पोरी, नव्याचे नऊ दिवस म्हणतात, हिने सातच काढले," मास्तर खुशीत म्हणाले.

मी तणतणत इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तोवर आईने सगळ्यांना चहा दिला. इलेक्ट्रिशियनने येऊन फ्यूज बॉक्स उघडला.

"वायरिंग ठणठणीत आहे, ताई. कुणीतरी चार फ्यूज काढून नेलेत."

तिघांनी कपात तोंड घातलं.



"चार?" आई म्हणाली. "मी तर एकच काढला होता."