पुढच्या फळीवरचं वजन

पाण्याने भरलेले दोन कॅन यूनुसने होडीच्या पुढच्या फळीवर ठेवले आणि सुंभाने बांधले. त्याआधी फळीवरची फुलाफुलांची उशी मात्र त्याने न विसरता बाजूला काढून ठेवली, भिजू नये म्हणून.

काठावर बाळू जाळं सांधत बसला होता. पनवेलच्या खाडीत कोण काय करतंय यावर त्याचं लक्ष जाळ्यापेक्षा जास्त.

"चाचा, कॅन कोनासाठी?"

"पुढे वजन नको?"

"कोनाचं?"

यूनुसने इंजिनाची दोरी ओढली.

खाडी गाळाने भरत चालली तसा साधा पंखा ओहोटीला चिखलात रुतू लागला होता. म्हणून जावयाने, यासीनने, शारजाहून हे जेट पाठवलं. जेटला बाहेर पंखा नाही. खालच्या तोंडाने पाणी ओढायचं आणि मागे फेकायचं. वीतभर पाण्यातही होडी पळते. पण एवढ्या गुणी यंत्राला एक खोड होतीच. वळताना होडी कलली की तोंडात हवा शिरायची, इंजिन नुसतंच किंचाळायचं आणि होडी जागच्या जागी बसायची. त्यावर उपाय फिनचा. तोंडाच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या लावल्या की बाजूची हवा अडते.

यासीनने दोन जोड्या धाडल्या होत्या. लहान दोन बोटं खोल, मोठी चार बोटं. होडीत दोघं असतील तर ती नीट दबून चालते आणि लहान फिन पुरते. एकटाच माणूस असेल तर पुढचं नाक उचलतं, होडी डुलते, तिथे मोठी हवी. पण मोठी लावून दोघं बसली की ओहोटीला ती गाळ नांगरत जाणार. आणि भोकं एकदाच पाडायची. तिथला पत्रा पातळ, दुसऱ्यांदा ड्रिल लावलं की तडकलाच म्हणून समजा. उभी जवानी कुवेतच्या बोटींत घालवलेल्या यूनुसला हे कुणी शिकवायला नको होतं. तरी सकाळपासून तो लहान जोडी भोकं न पाडता नुसती शिकंज्यात धरून चाचण्याच घेत होता.

कॅन घेऊन होडी लोण्यासारखी वळली. यूनुस खुशीत काठाला आला.

"आता कॅन काडून फिरवा," बाळू म्हणाला.

यूनुसला नाही म्हणता येईना. त्याने कॅन उतरवले. पहिल्याच वळणाला इंजिन किंचाळलं आणि होडी बसली. बांबू टेकत टेकत तो परत आला. बाळू हसला असता तर बरं झालं असतं.

"खेकड्यांना तुमी एकलंच जाता चाचा. मोठी लावा."

"मोठी लावली तर ओहोटीला हव्वाबीला उरणला कसा नेऊ? भैन हाय तिची तिकडे."

बाळूने दाताने गाठ ओढली. "चाची येनार कवा?"

"ईद झाल्यावर."

"कंची ईद?"

यूनुस शिकंजा पुसत राहिला. हव्वाबी गेली होती लेकीच्या, जास्मीनच्या बाळंतपणाला. ते बाळ, तूबा, आता शारजाच्या घरभर धावत होतं.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजाच्या सुमाराला तिचा फोन आला. ताकाला जाऊन भांडं लपवायची हव्वाबीची जुनी खोड. आधी गुडघा विचारला, मग गोळ्या, मग कोंबड्या. शेवटी म्हणाली, "जास्मीन परत कामाला लागली. पोरीला कुणाच्या हवाली करू?"

"बरोबर हाय," यूनुस म्हणाला.

"आणि ऐकलंत? होडीतली माझी उशी देऊन टाका कुणाला. उगाच कापूस कुजंल."

'तू ये' एवढे दोनच शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण नातीपासून आजीला तोडायचं कुठल्या तोंडाने? तो "बरं" म्हणाला. फोन बंद झाल्यावर त्याला फार एकटं वाटलं. एवढी माणसं काठावर, तो बाळूसुद्धा हाकेच्या अंतरावर, तरी एकटं वाटलं.

मग त्याने लहान जोडी फडक्यात गुंडाळून ठेवली. मोठी फिन तोंडाच्या कडेला लावली, सळईने खुणा केल्या, पुन्हा एकदा बघितल्या. ड्रिल चाललं तेव्हा ॲल्युमिनियमचा चुरा त्याच्या पायावर पडत होता. बोल्ट आवळले, वॉशर तपासले. काम चोख झालं. हाताने दगा दिला असता तर आज त्याला चाललं असतं.

उशी त्याने बाळूसमोर धरली. बाळूने ती घेतली नाही. म्हणाला, "ऱ्हाऊंदे चाचा. पानी थोडं हाय तवर फिरवून बगा."

यूनुसने उशी फळीवर टाकली आणि होडी सोडली. ओहोटी लागली होती. खाडी पार उघडी पडत चाललेली, पाण्याची पट्टी तेवढी मधोमध उरलेली. होडीचं रिकामं नाक वर उचललेलं होतं. समोर वळण आलं तसा त्याने हात इंजिनाच्या दांड्यावर घट्ट केला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने पुढे बघून म्हणाला, "धर गो, वळवतोय."

होडी सुरेख वळली. इंजिनाने हूं की चूं केलं नाही.