गुडघ्यापर्यंत धुकं

फोटोत झाडच नव्हतं.

फोटोग्राफरने चष्मा पुसून पुन्हा लावला आणि नाक स्क्रीनला टेकेल इतका वाकला. डावीकडे दोन फांद्यांत फाटलेलं, दुबेळक्याचं म्हातारं झाड असायला हवं होतं. तिथे नुसतं पांढरं होतं. मागच्या पाच खोडांपैकी जेमतेम दीड खोड शिल्लक होतं.

"हा फोटो मी काढलेला नाही," तो म्हणाला.

"मग काय मी गेले होते जंगलात?" बायको हसली. "अहो, तुम्हीच आल्या आल्या म्हणालात, हात पुढे केला तर बोटं दिसेनात, इतकं धुकं."

असं म्हटल्याचं त्याला काही केल्या आठवेना. त्याने खिशातली वही काढली. सकाळी सहा चाळीस. दुबेळक्याचं झाड. मागे पाच खोडं. धुकं गुडघ्यापर्यंत. शेवटच्या दोन शब्दांखाली त्याने रेघसुद्धा ओढली होती.

ही वही त्याने वडील गेल्यावर सुरू केली होती. शेवटच्या वर्षी वडील स्वतःच्या दारात उभं राहून विचारायचे, "हे कुणाचं घर हो?" तेव्हापासून तो प्रत्येक फोटोची नोंद ठेवी आणि ती जुळली की मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडी. या महिन्यात एकही नोंद जुळली नव्हती. त्याला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायचीही चोरी होती.

"वहीत लिहिताना चुकलं असेल," बायको म्हणाली. "होतं असं. वय झालं आता."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. कुणाचा वाढदिवस कधी, लाइट बिल कुठल्या खणात, कुठल्या भांडणात आधी कोण बोललं, तिचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती, निदान त्याला सिद्ध करता आलं नव्हतं.

तीस वर्षं दोघांचा धंदाही एकाच नियमावर चालला होता. तिने कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, त्याने कॉम्प्युटरला. तो जंगलातून आला की कार्ड तिच्या हातात द्यायचा. ती फोटो उतरवून घ्यायची, कार्ड रिकामं करून परत द्यायची, आणि मग तिच्या खोलीत फोटोला रंगरूप यायचं. संसारातली निम्मी भांडणं या नियमाने वाचली होती.

तिने त्याच्यापुढे चहा ठेवला.

"मी घेतला ना आत्ता?"

"कधी? भलतंच."

त्याने मोरीत विसळायला पडलेल्या कपाकडे पाहिलं आणि पुढ्यातला चहा न पिताच टेबलावर बाजूला सरकवला. कालची भाजीही दोनदा मीठ पडल्यासारखी खारट निघाली होती. "येता-जाता तुम्हीच मीठ टाकलं असणार," ती म्हणाली होती, आणि त्याने तेही कबूल करून टाकलं होतं.

डॉक्टरकडे तो गेल्या आठवड्यात गुपचूप जाऊन आला होता. डॉक्टरने त्याच्याकडून कागदावर घड्याळाचं चित्र काढून घेतलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले. "ठणठणीत आहात," तो म्हणाला. "इथून सरळ घरी जा आणि मला विसरा." पण वडिलांनाही पहिल्यांदा कुणीतरी ठणठणीतच म्हटलं होतं.

बायको गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेली. तेवढ्यात फोन वाजला. छापखान्याचा मालक होता, त्याचं जंगलाच्या फोटोंचं कॅलेंडर अडलं होतं.

"साहेब, जंगल ठरलं होतं आपलं. हे तर दूध सांडल्यासारखं दिसतंय."

"धुकं फार होतं त्या दिवशी," फोटोग्राफर पडेल आवाजात म्हणाला.

"पहिल्यांदा पाठवलात तो झकास होता की. मग दुसरा आला, तिसरा आला, दर वेळी आधीपेक्षा पांढरा. मूळ फोटो खाली शाबूत असेल बघा. उजवीकडे यादी दिसते का? आपण जे जे वर चढवतो, त्याचा एकेक थर असतो. शेजारी छोटा डोळा काढलेला असतो. तो मिटला की थर गायब."

नियम मोडून फोटोग्राफर बायकोच्या खुर्चीत बसला. चोरासारखं वाटत होतं. उजवीकडे यादी होती. बायकोच्या सवयीप्रमाणे प्रत्येक थरावर नाव आणि तारीख नीट घातलेली होती.

धुकं. त्याखाली धुकं. त्याखाली पुन्हा धुकं. त्याने मोजले, अकरा निघाले. तारखा सगळ्या वेगळ्या होत्या, कालचीही होती.

त्याने पहिला डोळा मिटला. मग दुसरा. पाचव्याला खोडं उमटू लागली. आठव्याला डावीकडे काहीतरी काळं दिसलं. अकरावा डोळा मिटला आणि दुबेळक्याचं झाड समोर उभं राहिलं. मागे पाच खोडं. धुकं गुडघ्यापर्यंत.

त्याने वही काढून शेजारी धरली. शब्द न् शब्द बरोबर होता. त्याला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर जीव टांगणीला लागला होता आणि डोकं मात्र जागच्या जागी होतं. हिला काय ही अवदसा आठवली, असंही त्याच्या मनात आलं, पण रागवायला त्याला आता सवड नव्हती.

बायको दारात आली. तिच्या हातात चहा होता.

"बघ," तो उठत म्हणाला. "झाड बघ. खोडं मोजून घे. मी चुकलो नव्हतो."

तिने हातातला कप टेबलावरच्या भरलेल्या कपाशेजारी ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि कौतुकाने स्क्रीनकडे पाहिलं.

"आजचा का हा? छान आलाय," ती म्हणाली. "थांबा, थोडं धुकं घालते."