बिनधुराची चूल

देश स्वतंत्र झाला त्याच साली पाथर्डीकडच्या एका वाडीत बनूबाईच्या घरातला धूरही गेला. तिचा भाऊ बिनधुराची चूल घालायला शिकून आला होता. त्यानं चुलीला मातीची नळी जोडून छपराबाहेर काढून दिली. लग्न झाल्यापासून खोकून बेजार झालेल्या बनूबाईनं पहिल्यांदाच कोरड्या डोळ्यांनी भाकरी थापली.

महिना झाला नाही तोच एका दुपारी ती पाणी घेऊन आली, तर घरात पुन्हा धुराचे लोट. नवऱ्यानं, कारभारीनं, नळीत चिंध्यांचा बोळा कोंबला होता.

"आवो, ह्ये काय केलंत?"

"आढ्याला बियाण्याची कणसं टांगलीत, दिसत न्हाईत व्हय? धूर लागंना म्हनून कीड लागाय लागली त्यांला. पुढल्या साली पेरायचं काय?"

"मग बाहेर टांगा की, नळीच्या तोंडापाशी!"

"आन् पाखरांनी खाल्ली म्हंजी?"

बनूबाईला खोकल्याची उबळ आली. तोंडाला पदर लावून ती कशीबशी म्हणाली, "आन् माझं वो?"

कारभारी नवल वाटून तिच्याकडं बघतच राहिला.

 

"तुला कुठं कीड लागतीया?"