जमलेली शेपटी

"भाऊ, तुम्हना बिबट्या मना जिववर उठना," लताबाई म्हणाल्या आणि त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. कडुनिंबाखाली केळी कापणाऱ्यांची अख्खी टोळी मांडीवर कोयते घेऊन बसली होती. दिल्लीला माल नेणारी गाडी रिकामीच उभी होती. आणि बागेच्या बांधावर, वाळक्या पानांच्या आडोशाला, एक बिबट्या ऐसपैस पसरला होता. तो असेपर्यंत एकही माणूस केळीत पाय ठेवायला तयार नव्हता.

भूपेंद्र मोटारसायकलवरून उतरला. त्याने चेहरा गंभीर ठेवला, पण मनात उकळ्या फुटत होत्या.

बिबट्या त्याचाच होता. रानडुकरं बागेची नासाडी करतात म्हणून लताबाईंनी त्याच्याकडून तो प्लायवूडमधून कापून, रंगवून घेतला होता. हल्ली एकही डुक्कर बागेकडे फिरकत नव्हतं. डुकरांपर्यंत ठीक होतं. आता माणसंही फिरकेनात, आणि घड झाडावरच पिकले तर वर्षाची मेहनत मातीत जाणार होती. बिबट्या लाकडाचा आहे, हे लताबाईंनी सकाळपासून घसा फोडून सांगितलं. पण गाडी भरायची असली की मालकीण काहीही सांगेल, असं टोळीचं मत पडलं.

भूपेंद्र जळगावात मेहरूणला राहायचा, शाळेत चित्रकला शिकवायचा. सुट्टी लागली की तो थेट चोपड्याच्या वर, सातपुड्यात. बिबट्याचे ठसे, त्याची विष्ठा, झाडावर ओढलेली नखं, सगळं त्याने पोटावर पडून रेखाटलं होतं. फक्त बिबट्या तेवढा पाहिला नव्हता. पिंजऱ्यातला पाहणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यामुळे शेपटी त्याला कधीच जमली नाही. ती मागून चिकटवल्यासारखी दिसे. एका प्रदर्शनात त्याच्या बिबट्यासमोर उभं राहून एक बाई म्हणाल्या होत्या, "मांजर किती गोड आहे!" ते त्याला अजून लागत होतं. आणि आज धडधाकट माणसं त्याच्या चित्राला घाबरून झाडाखाली बसली होती. याहून मोठा पुरस्कार कोण देणार? तोच पुरस्कार आता त्याने आपल्या तोंडाने परत करायचा होता.

"तो खोटा आहे," टोळीसमोर जाऊन तो कसाबसा म्हणाला. "लाकडाचा. मी केलाय."

मुकादम सुकलाल उठला. "खोटा कसा व्हई, भाऊ? शेपटी हालनी. मी मना डोयाघाई दखं."

"वाऱ्याने हलली असेल. अहो, शेपटी तर चुकलीच आहे माझी! पाय आखूड झालेत. ठिपके घाईत मारलेत. नवशिक्याचं काम आहे ते." एकेक शब्द बोलताना त्याचं काळीज तुटत होतं. "चला, हात लावून दाखवतो."

तो एकटाच बांधावर चढला. जवळ गेल्यावर त्याने सवयीने एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि आपलं काम न्याहाळलं. पाय आखूड नव्हते. ठिपके एकसारखे नव्हते, तरी एकाचीही जागा चुकली नव्हती. आणि शेपटी! कमरेतून निघून ती इतकी सहज खाली उतरली होती की त्याचे डोळे भरून आले. अखेर जमली म्हणायची! नीट बघायला तो आणखी वाकला. तेव्हा त्याला पलीकडच्या पाण्याच्या चारीत पालथी पडलेली आपली प्लायवूडची फळी दिसली.

वाऱ्याने ती केव्हाच लोळवली होती. समोरच्याचं पोट हळूहळू वरखाली होत होतं. पोट गच्च भरलेलं होतं. शेजारच्या सरीत रानडुकराचा एक खूर उरला होता.

ज्याच्यामागे आयुष्यभर उन्हातान्हात फिरला, तो हातभर अंतरावर होता, आणि भूपेंद्रला फक्त पळून जायचं होतं. पाय मात्र हलेनात.

टोळीला दिसलं ते एवढंच: भाऊ बिबट्यावर वाकून उभे आहेत आणि बिबट्या ढिम्म आहे. खात्री पटायला आणखी काय हवं? माणसं हसत उठली. कोयते खांद्यावर टाकून सगळी बांधाकडे निघाली.

"थांबा," भूपेंद्र पुटपुटला. "येऊ नका. खरा आहे. खरा बिबट्या आहे हा!"

"आते कसा खरा व्हयना?" सुकलालने हसून विचारलं. मग तो मागे वळून म्हणाला, "सोताना चितरले नाव ठेवं ना, तं आते वाईट वाटी राह्यनं भाऊले."

"देवाशप्पथ खरा आहे!"

"हां भाऊ, एकदम खरा," सगळ्यांनी त्याची समजूत घातली. लताबाईंनीही बांधावर येऊन मोठ्या मनाने मान डोलावली. गाडीवाल्याने फोटो काढायला मोबाईल बाहेर काढला.

सुकलाल गुडघ्यांवर हात टेकून वाकला. बिबट्याच्या नाकाशी नाक नेऊन त्याने बराच वेळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बिबट्यानेही पाहिलं. मग सुकलाल सरळ झाला आणि भूपेंद्रच्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "बाकी बठ्ठं भारी शे, भाऊ. पन डोया काही जिवता नही वाटतस."